भाताच्या उताऱ्याचा खरा अंदाज : नमुना कसा निवडावा?

भोर व वेल्हे (राजगड) तालुक्यांत भात हे खरिपाचे मुख्य पीक होय. पश्चिमेस घाटमाथ्याकडे पाऊस धो-धो कोसळतो. पूर्वेस नसरापूरकडे तो पुष्कळच कमी होतो. एकाच गावात ओढ्याकाठची खोल खाचरे व डोंगरउतारावरील हलकी खाचरे यांच्या उताऱ्यांत मोठे अंतर असते. अशा मुलखात सर्व शेतांची कापणी मोजणे शक्य नाही. म्हणून थोडी शेते निवडून पीक कापणी प्रयोग करतात. पीकविम्याची भरपाई व पैसेवारी ठरविताना या प्रयोगांचा आधार घेतला जातो. नमुना चुकला, तर संबंध मंडळातील शेतकऱ्यांचे नुकसान होऊ शकते.

डोळ्यांनी निवड नको

‘मध्यम प्रतीचे शेत पाहून घ्या’ हा सल्ला वरवर योग्य वाटतो. परंतु नजर चांगल्या पिकाकडे वळते आणि पाय रस्त्याकडच्या शेताकडे. यास्तव गावातील भाताच्या शेतांची यादी करून क्रमांक यदृच्छेने काढावा. यदृच्छेने म्हणजे कसेही नव्हे, तर प्रत्येक शेताला निवडीची संधी मिळेल अशा रीतीने.

जमिनीची प्रतवारी

समजा, एका गावात ६० हेक्टर खोल खाचरांचा उतारा हेक्टरी ३० क्विंटल व २० हेक्टर उताराच्या खाचरांचा १० क्विंटल आहे. गावाची खरी सरासरी २५ क्विंटल येते. केवळ खोल खाचरे घेतली, तर ती ३० दिसेल. दोन्हींचे सारखेच नमुने घेऊन साधी सरासरी काढली, तर २० दिसेल. नमुने क्षेत्राच्या प्रमाणात, म्हणजे येथे तीनास एक, घ्यावेत.

प्लॉटची आखणी

शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून लांबी व रुंदी मोजावी. त्यांतून प्लॉटची लांबी-रुंदी वजा करून उरलेल्या अंतरात यदृच्छेने आकडे काढावेत. तेथे खुंटी ठोकून दोरीने १० × ५ मीटरचा प्लॉट आखावा. ज्या रोपाचे मूळ दोरीच्या आत, तेच कापावे. खाचर अरुंद असून प्लॉट मावत नसेल, तर शेजारचे सोयीचे खाचर न घेता पुढील क्रमांक काढावा.

प्लॉट लहान का घेऊ नये? एक मीटर चौरसास प्रत्येक चौरस मीटरमागे ४ मीटर कड पडते. १० × ५ मीटरच्या प्लॉटला केवळ ०.६ मीटर. कडेवरची रोपे आत ओढली जातात व उतारा फुगतो. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० नंतरच्या दशकात ही गोष्ट प्रयोगांनी दाखवून दिली. यदृच्छ नमुन्यावर आधारलेली कापणीची पद्धत देशात रुजविण्यात त्यांचा व डॉ. वि. गो. पानसे यांचा मोठा वाटा आहे.

हिशेब

५० चौरस मीटरचे २०० प्लॉट म्हणजे एक हेक्टर. प्लॉटमध्ये १५ किलो भात निघाले, तर हेक्टरी ३००० किलो, म्हणजे ३० क्विंटल. ओल्या धान्याचे वजन वाळल्यावर घटते. ती घट धरलीच पाहिजे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी कापणीचा दिवस आधी कळवावा. शेतकरी बंधूंनीही बांधावर हजर राहून आकडे कसे काढले, दोरी कशी धरली व वजन किती भरले, हे स्वतः पाहावे. पीक नापास झालेले शेत नमुन्यात आले, तर ते वगळू नये. त्याची नोंदही तितकीच खरी आहे.