पीसीचं डोकं थंड, पाकीट गरम!

मे महिन्यातली दुपार. राजारामपुरीतली आमची वरच्या मजल्यावरची खोली, डोक्यावर पत्रा आणि टेबलाच्या कप्प्यात घरघरणारा पीसी. फायनल इयरच्या प्रोजेक्टमधला एक सीन रेंडरला लावला होता. सबमिशनला चार दिवस. स्क्रीनच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा चढत चढत ९५ वर जाऊन बसला. पलीकडे झोपलेल्या आजीनं एक डोळा उघडला, ‘‘आरं, त्या पेटीत मिक्सर लावलायस व्हय?’’

ग्रुपवर फोटो टाकला. दोन मिनिटांत उत्तर : ‘भावा, कूलर बदल. विषय संपला.’ संध्याकाळी दुकानात विचारलं. मोठा टॉवर कूलर अडीच हजार. ‘‘लिक्विड घेतलास तर टेन्शनच नाही,’’ काका म्हणाले. त्याचे साडेसहा हजार.

खिशात होते तीन हजार. तेही पुण्याच्या इंटरव्ह्यूसाठी बाजूला ठेवलेले : एसटी, एक रात्र राहणं आणि प्रोजेक्ट रिपोर्टचं बाइंडिंग. कूलर घेतला तर इंटरव्ह्यूला जायचं कसं? आणि नाही घेतला आणि पीसी जळला तर? पीसी बाबांच्या बोनसमधून आलाय. उद्यमनगरातल्या फौंड्रीत भट्टीसमोर उभं राहून कमावलेला बोनस. तो पुन्हा मागायची हिंमत नव्हती.

दुकानातून रिकाम्या हातानं परत आलो आणि ठरवलं, पैसे काढायच्या आधी दुखणं नेमकं कुठं आहे ते बघायचं.

कूलर करतो काय?

चहा बशीत ओतला की पटकन निवतो. चहा तोच, पण पसरला की हवेला जास्त जागा भेटते. कूलरचं कामही हेच. प्रोसेसर असतो काडेपेटीहून लहान, आणि तेवढ्याशा जागेत ६५ वॉट किंवा त्याहून जास्त उष्णता तयार होते. कूलर ती उष्णता धातूच्या पातळ पात्यांवर पसरवतो आणि पंखा ती उडवून लावतो. बाइकच्या इंजिनाला बाहेरून जी पाती असतात, तीच आयडिया.

प्रोसेसरच्या बॉक्समध्ये मिळणाऱ्या कूलरला आपण स्टॉक कूलर म्हणतो. त्यात बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचा एक बसका गोळा आणि वर छोटा पंखा असतो. टॉवर कूलरमध्ये तांब्याच्या बंद नळ्या असतात. नळीच्या आत अगदी थोडं पाणी असतं. प्रोसेसरजवळ त्याची वाफ होते, ती वर पात्यांकडे जाते, तिथं निवून पुन्हा पाणी होते आणि खाली येते. वर बहुधा १२० मिलिमीटरचा मोठा पंखा. मोठा पंखा हळू फिरूनही भरपूर हवा ढकलतो, म्हणून आवाज कमी.

पण एक गोष्ट दोघांनाही जमत नाही. पंख्याचा कुठलाही कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. डिसेंबरात खोली २२ अंशांवर असते आणि मेमध्ये ३६ वर. म्हणजे तोच पीसी, तेच काम, तरी आकडा साधारण १४ अंशांनी वर. मी हिवाळ्यातला आकडा डोक्यात ठेवून उन्हाळ्यात घाबरत होतो.

९५ म्हणजे जळणार का?

नाही. प्रत्येक प्रोसेसरला कंपनीनं ठरवून दिलेली कमाल मर्यादा असते. रायझन ५ ५६०० ला ती ९० अंश आहे, तर इंटेलच्या आय५-१२४०० ला १००. रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर तर पूर्ण लोडवर ९५ अंशांवर चालावेत अशाच हिशेबानं बनवलेत. तुमच्या मॉडेलची मर्यादा कंपनीच्या माहितीपत्रकात मिळते.

मर्यादेला टेकलं की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. याला म्हणतात थ्रॉटलिंग. तरीही तापमान वाढत गेलं तर मशीन बंद पडतं. म्हणजे बाबांचा बोनस एका दुपारीत जळून जाणार नव्हता. हे कळलं आणि निम्मं टेन्शन तिथंच उतरलं.

त्यामुळं खरा प्रश्न ‘किती तापलं?’ हा नाही. ‘तापल्यामुळं काम मंदावतंय का?’ हा आहे. एचडब्ल्यूइन्फोसारखं फुकटचं सॉफ्टवेअर टाका. तुमचं नेहमीचं जड काम अर्धा तास चालवा. तापमानाबरोबर क्लॉकचा वेग बघा. तापमान मर्यादेला चिकटलंय आणि वेग बेस क्लॉकच्या खाली घसरतोय, तर थ्रॉटलिंग नक्की. तापमान ८५ आहे आणि वेग टिकून आहे, तर प्रोसेसर आपलं काम करतोय. करू द्या त्याला.

माझ्याकडं आकडा मर्यादेला चिकटलेला आणि वेग घसरलेला. म्हणजे दुखणं खरं होतं. पण औषध कूलरच होतं का?

आधी फुकटातलं

पहिली टेस्ट एका मिनिटाची. पीसी कप्प्यातून बाहेर काढून मोकळ्यावर ठेवला, कॅबिनेटची बाजूची पट्टी उघडली आणि तोच सीन पुन्हा लावला. आकडा आठ अंशांनी खाली! म्हणजे कूलरपेक्षा मोठा गुन्हेगार होता तो बंद कप्पा. मशीन स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढत होतं. अशा ठिकाणी दहा हजारांचा कूलर बसवला तरी तो गरम हवाच फिरवणार.

दुसरं काम साफसफाईचं. मशीन बंद, प्लग काढलेला. पंख्याखाली बघितलं तर पात्यांवर धुळीची गोधडीच. मऊ रंगाच्या ब्रशनं ती काढली. पंखा बोटानं धरून ठेवायचा, नाहीतर ब्लोअरच्या हवेनं तो भन्नाट फिरतो आणि खराब होऊ शकतो. तोंडानं फुंकर मारू नका, थुंकी उडते.

तिसरं, थर्मल पेस्ट. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधल्या बारीक फटी भरणारी ही पेस्ट काही वर्षांत सुकते. माझी चार वर्षांची, खडूसारखी झालेली. तीनशे रुपयांची ट्यूब आणली, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली आणि मध्यभागी वाटाण्याएवढा ठिपका दिला. इथं एक सूचना : एएम४ सॉकेटवर कूलर सरळ वर ओढू नका. सुकलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी पीसी दहा मिनिटं चालवून गरम करा, मग बंद करून कूलर हलकेच डावी-उजवीकडं फिरवत सोडवा. इंटेलच्या स्टॉक कूलरला चार कोपऱ्यांत दाबून बसवायच्या पिना असतात. त्यातली एक जरी सैल राहिली तरी तापमान चढतं, तेवढी तपासा.

सगळं करून तोच सीन लावला. ९५ चे झाले ८१. दोन तास दहा मिनिटं लागणारं रेंडर एक तास पन्नास मिनिटांत संपलं. खर्च तीनशे रुपये.

मग आवाजाचं काय?

आजीची तक्रार मात्र उरलीच होती. एकाच खोलीत रात्रभर रेंडर चालणार असेल तर पंख्याचा आवाज हा काही छोटा विषय नाही. होस्टेलवाल्यांना हे सांगायला नको.

यावरही एक जुगाड आहे. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल पातळी १०० वरून ९९ टक्के करा. बहुतेक मशीनवर एवढ्यानं टर्बो बंद होतो. वेग थोडा उतरतो, पण वीज, उष्णता आणि आवाज एकदम खाली येतात. मी दिवसा १०० ठेवतो, रात्री ९९. रेंडर सकाळी थोडं उशिरा संपतं, पण तोवर सगळेच झोपलेले असतात.

तरी कुणी घ्यावाच?

असं नाही की कूलर बदलणं म्हणजे नुसतं फॅड. इंटेलचे ‘के’वाले आणि रायझनचे बरेच ‘एक्स’वाले प्रोसेसर कूलरशिवायच येतात, तिथं पर्यायच नाही. साफसफाई, पेस्ट आणि मोकळी हवा हे सगळं करूनही थ्रॉटलिंग होत असेल, किंवा तुम्ही रोज तासन् तास रेंडर, सिम्युलेशन करून त्यातून चार पैसे कमवत असाल, तर टॉवर कूलर बिनधास्त घ्या. तो वाया जात नाही. एएम४ वरचे बरेच कूलर एएम५ वरही बसतात.

पण पीसी अडकतोय आणि रॅम ८ जीबी आहे, किंवा विंडोज अजून जुन्या हार्ड डिस्कवर आहे, तर कूलरनं काही होणार नाही. ते पैसे तिकडं लावा.

आणि लिक्विड? पाण्यानं थंड करणं ही भारीच गोष्ट आहे, पण जिथं गरज असेल तिथं. पुण्यात आयसर संस्थेत ‘परम ब्रह्म’ हा सुपरकॉम्प्युटर आहे. त्यात उष्णता काढून न्यायला पाणीच वापरतात, कारण तिथं शेकडो प्रोसेसर एका जागी रात्रंदिवस राबतात. आपल्या ६५ वॉटच्या एकट्या जीवाला तेवढा थाट कशाला? वर त्यात पंप असतो, म्हणजे बिघडायला आणखी एक वस्तू.

माझं प्रोजेक्ट वेळेत गेलं. पुण्यालाही जाऊन आलो, त्याच पैशांत. निकाल अजून यायचाय. नोकरी लागली तर पहिल्या पगारातून टॉवर कूलर घ्यायचा असं ठरवलंय, आणि तो आजीसाठी. तिला सांगितलं तर म्हणाली, ‘‘त्यापरीस खोलीला एक पंखा घे की!’’

विचार केला तर तिचंही बरोबर आहे. खोली थंड तर पीसी थंड.

चौकट : दुकानात जाण्याआधी

- प्रोसेसरची कमाल मर्यादा किती? जड कामात वेग खरंच घसरतो का?
- पट्टी उघडल्यावर आकडा बराच उतरतो का? उतरत असेल तर दोष हवेच्या वाटेचा, कूलरचा नाही.
- धूळ शेवटची कधी काढली? पेस्ट किती वर्षांची?
- सॉकेट कोणतं : एएम४, एएम५ की एलजीए १७००? त्याचा ब्रॅकेट बॉक्समध्ये आहे का?
- कॅबिनेटमध्ये जागा आहे का? १२० मिलिमीटर पंख्याचे टॉवर कूलर साधारण १५० ते १६० मिलिमीटर उंच असतात. फूटपट्टी घेऊन मोजा. उंच रॅमला पंखा अडणार नाही हेही बघा.