कौल आणि कळफलक

आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने १६३०च्या सुमारास कसबे पुणे जाळलं, तट पाडला आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे गाढवाचा नांगर फिरवून पहार ठोकली. त्याच वर्षांत दख्खनवर दुष्काळ होता. जगले ते परागंदा झाले. पुढे जिजाबाई बाल शिवबाला घेऊन इथे आल्या, लालमहाल उठला, कसबा गणपतीची स्थापना झाली, सोन्याचा नांगर फिरला, हे आपल्याला चौथीच्या पुस्तकापासून पाठ आहे. पहार उखडणं ही लोकांच्या मनातली भीती घालवण्याची युक्ती होती आणि ती मोलाचीच. पण नुसता नांगर पाहून कुणी बिऱ्हाड पाठीवर टाकून परत येत नाही. त्याला कौल लागतो.

कौल म्हणजे सरकारने रयतेला लिहून दिलेलं अभय. गावी या, जमीन कसा, मागची बाकी उकरणार नाही, पहिल्या वर्षी सारा नाममात्र आणि मग वर्षागणिक चढता. या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत. दादोजी कोंडदेवांच्या कारभाराची ख्याती ओसाड मावळ असा वसवण्याची. पेशवाईत नव्या पेठा वसवतानाही शेट्यांना, म्हणजे पेठेच्या प्रमुखांना, कौल मिळे, काही वर्षं कर माफ असे. कोकणातून आलेले तांबट कसब्यात स्थिरावले ते राज्यकर्त्यांच्या आश्रयावर. माणूस परत आणायचा किंवा नव्याने बसवायचा, तर आधी त्याच्या हातात कागद द्यावा लागतो, ही अक्कल या गावाच्या दप्तरात तीन-चारशे वर्षांपासून आहे.

हे आठवायचं कारण तसं आजचं आहे. निर्वासितांच्या छावण्यांत, विशेषतः घरी परतण्याची चिन्हं दिसू लागली की, एक वर्ग हमखास सुरू होतो: संगणकाची तोंडओळख. यंत्र चालू-बंद करणं, फाइल जपून ठेवणं, टंकलेखन, ईमेल, एक्सेलमध्ये चार आकडे मांडणं. आपल्याकडे एमकेसीएलच्या एमएस-सीआयटीने २००१ नंतर गावोगावी हेच पोचवलं. केंद्राच्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाने २०१७ मध्ये त्याचं आणखी आटोपशीर रूप काढलं: २० तासांचा अभ्यासक्रम, घरटी एक माणूस, वय १४ ते ६०, उद्दिष्ट ६ कोटी घरांचं. पण ग्रामीण घरातला माणूस शिकून आपल्याच घरी राहतो. छावणीतला शिकतो एका देशात आणि ते वापरणार दुसऱ्या देशात. सगळा पेच या फरकात आहे.

याचं आपल्या शेजारचं उदाहरण तमिळनाडूत आहे. श्रीलंकेतल्या १९८३च्या जुलैमधल्या तमिळविरोधी हिंसाचारानंतर माणसं पाल्कची सामुद्रधुनी ओलांडून रामेश्वरच्या किनाऱ्याला लागू लागली. १९८७च्या भारत-श्रीलंका करारानंतर त्यांतले हजारो परतले. १९९० मध्ये पुन्हा युद्ध भडकलं आणि परतलेल्यांपैकी कित्येक पुन्हा बोटीत बसले. १९९१ मध्ये राजीव गांधींची हत्या झाली, तमिळनाडूतली सहानुभूती आटली, आणि १९९२ ते १९९५ या काळात पन्नास हजारांवर लोक परत पाठवले गेले. ते किती स्वेच्छेने गेले यावर तेव्हाही वाद झाला. मग पुन्हा युद्ध, पुन्हा बोटी. जाणं आणि येणं हाच या लोकांचा चाळीस वर्षांचा इतिहास आहे. मंडपमची संक्रमण छावणी आणि राज्यभर विखुरलेल्या शंभरावर छावण्यांत दुसरी-तिसरी पिढी वाढली.

या छावण्यांत १९८४ पासून ओफर ही संस्था काम करते. श्रीलंकेतले तमिळ नेते चेल्वनायकम यांचे पुत्र एस. सी. चंद्रहासन यांनी ती काढली. संस्थेचं वैशिष्ट्य असं की ती निर्वासितांनीच निर्वासितांसाठी चालवली. चंद्रहासन यांचा आग्रह पहिल्यापासून एकच: छावणीतला काळ हा परतीच्या तयारीचा काळ आहे. म्हणून आरोग्यसेविका, बालवाडीच्या शिक्षिका, हिशेब ठेवणारे तयार केले गेले आणि बारावी झालेल्या मुलांना संगणकावर बसवण्यात आलं. रेशन आणि रोख भत्त्यावर जगणाऱ्या, सरकारी नोकरी न मिळू शकणाऱ्या मुलांसाठी ही खिडकी मोठीच होती. त्या वर्गांची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. पण परतीच्या कसोटीवर ती खिडकी कुठे उघडत होती, हे पाहिलं पाहिजे.

पहिली अडचण बोटांची. तमिळनाडू सरकारने १९९९ मध्ये तमिळ९९ हा कळफलक प्रमाण मानला. श्रीलंकेने आपल्या प्रमाणकात रेंगनाथन कळफलक धरला, ज्याची मांडणी जुन्या तमिळ टंकलेखन यंत्राच्या वळणाची आहे. लिपी तीच, पण एकाच अक्षराची कळ चेन्नईत एका बोटाखाली आणि जाफन्यात दुसऱ्या. यात काय मोठंसं, असं म्हणणाऱ्याने मराठी टंकलेखनाच्या जुन्या रेमिंग्टन कळफलकावर हात बसलेल्या कुणा कारकुनाला इनस्क्रिप्ट कळफलकावर बसवून पाहावं. इनस्क्रिप्ट भारतीय मानक झालं १९९१ मध्ये आणि आजही आपल्या कचेऱ्यांतली जुनी बोटं त्यावर अडखळतात. हे तर एकाच राज्यातलं. रोजगारासाठी शिकलेली टंकलेखनाची गती सीमा ओलांडताच निम्म्यावर येणार असेल, तर छावणीतल्या वर्गात पहिल्या दिवसापासून रेंगनाथन हवा होता. त्यासाठी लागतं फक्त एक सेटिंग. शिकवणाऱ्याच्या मनात मात्र परतण्याचं गाव असावं लागतं.

दुसरी अडचण प्रमाणपत्राची. भारतातल्या खासगी संस्थेचा सहा महिन्यांचा डिप्लोमा वावुनियातल्या कचेरीत काय मोलाचा? श्रीलंकेची व्यवसाय शिक्षणाची स्वतःची एनव्हीक्यू ही चौकट आहे, तिचे टप्पे ठरलेले आहेत. त्या टप्प्याशी जुळणारं प्रशिक्षण असेल तर कागद चालतो, नाहीतर तो भिंतीवर लावायचा.

तिसरी अडचण मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि ती शिकवण्याच्या यादीत सहसा नसते. परतणाऱ्याची खरी लढाई कागदांची असते. छावणीत जन्मलेल्या मुलाचा भारतीय जन्मदाखला, त्यावरून चेन्नईतल्या श्रीलंकेच्या उप-उच्चायुक्तालयातली नोंद, मग नागरिकत्वाचा दाखला, मग प्रवासाची परवानगी. तिकडे पोचल्यावर आजोबांच्या नावची जमीन, जिचा उतारा युद्धात जळाला किंवा जी उत्तरेत लष्कराने उच्च सुरक्षा क्षेत्र म्हणून ताब्यात ठेवली. अशा माणसाला संगणकातलं सगळ्यात आधी काय यायला हवं? प्रत्येक कागद नीट स्कॅन करता येणं, फाइलला ओळखू येईल असं नाव देणं, तिची प्रत दोन ठिकाणी ठेवणं, अर्ज भरून त्याचा क्रमांक जपणं. आणि एक बारीकशी गोष्ट: ईमेल खातं भारतीय मोबाइल क्रमांकाला बांधलेलं असेल तर कोलंबोत उतरल्यावर ते सिम मुकं होतं, ओटीपी येत नाही, आणि वीस वर्षांचे स्कॅन केलेले कागद कुलपात अडकतात. निघण्याआधी खात्याला दुसरा ईमेल जोडा, खातं परत मिळवण्याचे कोड कागदावर उतरवून घ्या, हा धडा दहा मिनिटांचा आहे. पॉवरपॉइंटमध्ये अक्षरं उडवायला शिकण्यापेक्षा तो कितीतरी उपयोगाचा.

श्रीलंकेतलं युद्ध मे २००९ मध्ये संपलं. त्यानंतर स्वेच्छेने परतणाऱ्यांना संयुक्त राष्ट्रांची निर्वासितविषयक संस्था यूएनएचसीआर विमानाचं तिकीट आणि पुन्हा बस्तान बसवायला थोडी रक्कम देऊ लागली. विमानात सामान मोजकंच नेता येतं, म्हणून २०११ मध्ये तूतुकुडी-कोलंबो बोटसेवा सुरू झाली तेव्हा निर्वासितांना आशा वाटली. शिलाईयंत्र नेता येईल, भांडीकुंडी नेता येतील. ती सेवा काही महिन्यांतच बंद पडली. लोक परतत राहिले, पण थेंबाथेंबाने. आणि मग २०२५ मध्ये, यूएनएचसीआरमार्फत रीतसर परतलेल्या एका वृद्धाला उतरताच अटक झाली. गुन्हा काय, तर अनेक वर्षांपूर्वी पासपोर्टाविना देश सोडला. मागची बाकी उकरणार नाही, हे कौलातलं पहिलं कलम. तेच इथे नव्हतं.

महाराष्ट्रात परतीच्या तयारीची एक मोठी छावणी होऊन गेली आहे, संगणकाच्या आधीच्या युगात. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने त्यांना पूर्व पोलंडमधून सैबेरियाकडे हाकललं होतं, १९४२ मध्ये जनरल आंदेर्सच्या पोलिश सैन्यामागे ते इराणात निसटले आणि तिथून इकडे आले. वळिवड्यात बराकी होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, बालवीरांची पथकं होती आणि पोलिश भाषेतल्या, पोलिश अभ्यासक्रमाच्या शाळा होत्या. सगळी आखणी एका गृहीतकावर: युद्ध संपेल, आपण घरी जाऊ, मुलांची वर्षं वाया जायला नकोत.

युद्ध संपलं आणि घरच उरलं नाही. याल्टाच्या बैठकीनंतर त्यांची गावं सोव्हिएत हद्दीत गेली. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्साच्या कम्युनिस्टप्रणीत सरकारला दिली. थोडे पोलंडला गेले, बाकीचे ब्रिटन, आफ्रिका, पुढे ऑस्ट्रेलिया, अमेरिका असे पांगले. म्हणजे शिक्षण फुकट गेलं का? मुळीच नाही. वळिवड्यात शिकलेली मुलं लंडनमध्ये उभी राहिली, त्यांनी भारतातल्या पोलिशांची संघटना काढली, म्हातारपणी कोल्हापूरला येऊन गेली. १९९८ मध्ये कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ उभा राहिला. त्यांना उपयोगी पडलं ते शाळेतलं पक्कं वाचन-लेखन आणि गणित. परतीच्या वेळापत्रकावर बेतलेलं काहीही नाही.

पुढचा भाग कोल्हापूरकरांना माहीत आहे. पोलिश गेले आणि त्या जागी फाळणीतले सिंधी आले. त्यांच्यापुढे परतीचा प्रश्नच नव्हता. त्या वसाहतीचं गांधीनगर झालं, कापडाची मोठी घाऊक पेठ उभी राहिली. जे जाण्याच्या तयारीत होते त्यांना घर मिळालं नाही, आणि ज्यांनी जाण्याचा विचार सोडला ते त्याच जागेत गब्बर झाले. इतिहासाला विनोदबुद्धी आहे, थोडी क्रूर.

संगणकाने तर हा विनोद आणखी पुढे नेला. १९९० नंतर खोऱ्यातून बाहेर पडलेल्या काश्मिरी पंडितांच्या मुलांसाठी महाराष्ट्राने अभियांत्रिकीच्या जागा राखल्या. त्यामागे बाळासाहेब ठाकरे होते, हे काश्मिरी कुटुंबं अजून सांगतात. ही मुलं पुण्या-मुंबईत शिकली, त्यांतली कित्येक आयटीत गेली आणि श्रीनगरऐवजी बंगळुरू, लंडन, न्यू जर्सीला पोचली. ज्या विद्येने त्यांना सावरलं तिनेच त्यांना घरापासून दूर नेलं. उलट परत नेण्यासाठी केंद्राने २००८ मध्ये १६१८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, खोऱ्यात सरकारी नोकऱ्या देऊ केल्या. त्या नोकरीवर गेलेल्या एका कर्मचाऱ्याला मे २०२२ मध्ये चाडुरा इथल्या तहसील कचेरीत, कामाच्या जागी, गोळ्या घातल्या गेल्या. कौशल्य होतं, नेमणूक होती. जिवाचं अभय नव्हतं.

पुण्यापुरतं बोलायचं तर आज हा प्रश्न अफगाण विद्यार्थ्यांच्या रूपाने इथेच आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं तेव्हा पुण्यात शेकडो अफगाण मुलं-मुली शिकत होती, अनेक भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर. डिसेंबर २०२२ मध्ये तालिबानने मुलींना विद्यापीठं बंद केली. परतणाऱ्या मुलीला घरात बसून करता येईल असं काम म्हणजे संगणकावरचं, असा सल्ला सगळे देतात आणि तो चूक नाही. पण सप्टेंबर २०२५ अखेर तालिबानने सुमारे दोन दिवस देशभर इंटरनेटच बंद पाडलं. तेव्हा तिला शिकवायचं ते नेट नसतानाही चालणारं हवं: यंत्रात साठवलेलं काम, बिननेटचा शब्दकोश, हिशेबाची वही, पेन ड्राइव्हवरचे धडे.

पुण्याच्या पेठांत टंकलेखनाचे वर्ग संगणकाचे वर्ग झाले, ते चालवणारी अनुभवी माणसं आहेत, संध्याकाळी रिकामी राहणारी यंत्रं आहेत. त्यांतल्या कुणाला परदेशी मुलांसाठी किंवा विस्थापितांसाठी वर्ग काढावासा वाटला तर एवढंच सांगणं: अभ्यासक्रम छापील पुस्तकातून उचलू नका. विद्यार्थ्याला आधी विचारा की तू जाणार कुठे, तिथली कचेरी कुठला कागद मागते, तिथे कुठला कळफलक चालतो, वीज आणि नेट किती तास असतं. मग त्याचे कागद स्कॅन करण्यापासून सुरुवात करा. आणि कौल देणं आपल्या हातात नाही, ते सरकारांचं काम आहे, हेही त्याला पहिल्याच दिवशी सांगा.