दानास पात्र कार्य कोणते?

धर्मग्रामाची दानपेटी उघडली की तिच्यावर हक्क सांगणारे अनेक असतात. चर्चचे छप्पर गळत असते, एखाद्या विधवेच्या मुलाची फी थकलेली असते, तर मुसी नदीकाठच्या झोपड्यांत पुराचे पाणी शिरलेले असते. यांपैकी एकही मागणी खोटी नसते. मग अग्रक्रम कोणाला द्यावा?

संत थॉमस अक्वायनस यांनी या प्रश्नाचा विचार केला आहे. त्यांच्या मते सामान्यतः जो आपल्या अधिक निकटचा, त्याला आधी द्यावे. परंतु दुसऱ्याची गरज अधिक तीव्र असेल, किंवा त्याच्या साहाय्याने लोकहित अधिक साधत असेल, तर हा क्रम बदलतो. म्हणजे निकटता, गरज व लोकहित ही तीन मापे होत.

पूर्वीच्या हैदराबाद संस्थानात यांची दोन उदाहरणे आढळतात. निजामाबादजवळील डिचपल्ली येथे डॉ. इझाबेल कर या प्रॉटेस्टंट मिशनरी महिलेने कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उभारले. त्या कार्यास राजा नरसा गौड या हिंदू दात्याने साहाय्य केले. येथे गरजेने धर्मभेदाची भिंत ओलांडली. पुढे १९३२ साली निजाम मीर उस्मान अली खान यांच्या सरकारने पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरास महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी दरसाल १,००० रुपये याप्रमाणे ११ वर्षांचे अनुदान मंजूर केले. ती आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. मुस्लिम राज्यकर्त्याचे हे दान लोकहिताच्या मापाने योग्यच ठरते.

भुकेल्याच्या हाती ग्रंथ द्यावा काय, असा आक्षेप कोणी घेईल. आमचे उत्तर असे की, प्राण संकटात असेल तेथे गरजच प्रथम. ते संकट नसेल तेथे विद्येसाठी दिलेले दानही दानच होय.

आता आपल्या छपराकडे वळू. १८९० च्या धर्मादाय देणगी कायद्याने गरिबांना साहाय्य, शिक्षण, वैद्यकीय मदत व सार्वजनिक हिताची कार्ये धर्मादाय मानली. केवळ धार्मिक शिक्षण वा उपासना यांसाठी असलेले कार्य मात्र त्या व्याख्येतून वगळले. छपराची दुरुस्ती हे आपले कर्तव्य आहे, परंतु गरिबांच्या नावाने जमलेला पैसा तिकडे वळविणे अन्यायाचे होईल. म्हणून दोन्ही निधींचे हिशेब वेगळे ठेवावेत, आणि वर्षातून एकदा ते लोकांसमोर वाचून दाखवावेत. धर्मशिक्षकांनी घरोघरी जाऊन गरजेची खात्री करावी. मात्र चौकशी करताना मागणाऱ्याची मान खाली जाणार नाही, याची काळजी घ्यावी.