डाळ नवापूरची, दाम कोणाचे?

सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नवापूर स्थानकाच्या मधोमध दोन राज्यांची सीमा जाते. १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्य विभागले गेले, तेव्हा तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात राहिली आणि स्टेशनमास्तरांची कचेरी गुजरातेत गेली. फलाटावरील एक बाक तर अर्धे इकडे, अर्धे तिकडे! हौशी प्रवासी त्यावर बसून छायाचित्र काढून घेतो आणि डांगच्या डोंगरांकडे किंवा शहाद्यावरून तोरणमाळला निघून जातो. नवापुरात तो जेवलाच, तर महामार्गावर. आणि तेथे त्याच्या पानात पनीर पडते.

डोंगरमुलखात जाऊन तेथील माणसांचे अन्न चाखावे, ही हौस शहरी मध्यमवर्गात वाढते आहे आणि ती स्वागतार्हच आहे. प्रश्न एवढाच की, त्या हौसेपोटी खर्च होणारा पैसा कोठे थांबतो? नवापूरचे नाव देशभर गाजले ते फेब्रुवारी २००६ मध्ये, कोंबड्यांवरील बर्ड फ्लूमुळे. पुढे दहा वर्षांनी, २०१६ साली, येथील तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याची वार्ता मात्र त्या मानाने फारशी कोणाच्या कानी गेली नाही.

ही तूर मावची, भिल्ल, कोकणी शेतकऱ्यांच्या पावसावरच्या शेतांतली. मृगात पेरलेली तूर हाती येईपर्यंत पौष उजाडतो. घरची डाळ करायची तर तूर भिजवायची, उन्हात वाळवायची, जात्यावर भरडायची आणि पाखडायची. काम कष्टाचे, वेळखाऊ आणि बहुतांशी स्त्रियांचे. पण नेमक्या त्याच दिवसांत या जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेली असतात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना भरडण्याची ताकद नसते आणि थांबण्याइतकी रोकडही नसते. तूर कच्चीच विकली जाते.

हिशेब साधा आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये आहे. एका क्विंटलची सुमारे ७० किलो डाळ धरली, तर किलोभर डाळीमागे शेतकऱ्याच्या पदरी, तोही हमीभाव मिळालाच तर, ११४ रुपये येतात. त्यावर ग्राहक जे मोजतो ते भरडणाऱ्याचे, साठवणाऱ्याचे आणि दुकानदाराचे. मानांकनाने वाढणारी किंमत नेमकी याच वरच्या मजल्यावर साचते. शिवाय १९९९ च्या कायद्यानुसार नावाची नोंदणी झाली, तरी ते वापरू इच्छिणाऱ्या उत्पादकाला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून वेगळी नोंद करावी लागते. ज्याच्या घरी चार पोती तूर, त्याने हे कागद रंगवावेत कधी? (आमच्या शिकलेल्या मंडळींनाही असले अर्ज भरताना घाम फुटतो.)

मार्ग नाही असे नाही. शेजारच्या डांग-वांसदा पट्ट्यात आदिवासी स्त्रियांच्या बचत गटांनी ‘नाहरी’ नावाची उपाहारगृहे चालवून दाखविली. नागलीची भाकरी, उडदाची डाळ, चटणी, असे घरचेच जेवण. शिजवणाऱ्याही त्याच आणि गल्ल्यावर बसणाऱ्याही त्याच. येथे प्रवाशाचा रुपया मधल्या चार हातांना न लागता चुलीपर्यंत पोहोचतो. नवापूरला हे अशक्य का असावे? महामार्ग आहे, लोहमार्ग आहे आणि नाव लागलेली डाळही आहे. उणीव आहे ती हंगामात तूर अडवून धरता येईल एवढ्या खेळत्या भांडवलाची. गोदामातील तुरीवर गटांना वेळेवर उचल मिळाली, तर घरातील एखादी सून तरी ऊसतोडीला न जाता भरडणीवर राहू शकेल.

रेल्वेने २०२२ पासून ‘एक स्थानक, एक उत्पादन’ ही योजना आणली आहे. नवापूरला ते उत्पादन डाळच असावे आणि विकणारी बाई जात्यावर बसणारीच असावी. दुकान फेब्रुवारीपासून उन्हाळी सुटीपर्यंत उघडे राहिले तरी पुष्कळ. नवी डाळ आणि सुटीवर निघालेला प्रवासी यांची गाठ त्याच महिन्यांत पडते.