पत्ता बदललाय, बॉस!

सातारा, पोवई नाका. वळवाचा पाऊस नुकताच धिंगाणा घालून गेलेला. लाइट गेली, आली आणि काकांच्या झेरॉक्सच्या दुकानातला प्रिंटर रुसून बसला. स्क्रीनवर एकच शब्द : ऑफलाइन. समोर मेढ्याकडची एक मुलगी आणि तिची आई. दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्यात सीईटी, हॉल तिकिटाची प्रिंट हातात नाही आणि एसटी सुटायला जेमतेम पाऊण तास. शेजारच्या दुकानांच्या फेजवर तर लाइट आलीच नव्हती.

मी सुट्टीला घरी आलेली. ‘पुण्यात कॉम्प्युटरवरच असतीस ना दिवसभर? बघ की जरा!’ काका म्हणाले. (मी लेख लिहिते हो काका! पण असो.)

टेन्शनमध्ये आपण सगळे जे करतो तेच मी केलं. प्रिंट. पुन्हा प्रिंट. प्रिंटर बंद, चालू. परत प्रिंट. ड्रायव्हर उडवून नव्याने टाकायच्या बेतात होते, तेवढ्यात सुचलं म्हणून प्रिंटरच्याच मेनूतून नेटवर्कच्या माहितीचा कागद काढला. झकास आला! म्हणजे यंत्र ठणठणीत. त्यावर पत्ता होता 192.168.1.7. कॉम्प्युटरवर प्रिंटर प्रॉपर्टीजमधल्या ‘पोर्ट्स’मध्ये मात्र 192.168.1.4.

गोम इथेच होती. राउटर प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता देतो, पण भाड्याने. लाइट जाऊन राउटर पुन्हा सुरू झाला की कोणाला कुठली खोली मिळेल, भरवसा नाही. आणि कॉम्प्युटर बिचारा जुन्याच दारावर टकटक करत बसतो.

‘अ‍ॅड पोर्ट’मध्ये जाऊन ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी’ निवडलं, नवा पत्ता टाकला आणि हॉल तिकिटं धडाधड बाहेर! एक नाही, सहा. रांगेत अडकलेली सगळी. (तुम्ही आधी रांग रिकामी करा.) मी ओशाळले, तर मुलीची आई म्हणाली, ‘ऱ्हाऊ देत की, एखादं भिजलं तर?’ दोघी पळतच स्टँडकडे गेल्या.

तुमच्याकडे पत्ता 169.254 ने सुरू होत असेल, तर मामला वेगळा. राउटरने पत्ता दिलेलाच नाही. वायफायचा पासवर्ड किंवा केबल तपासा. नवा राउटर घेतलाय? बरेच जुने प्रिंटर फक्त 2.4 गिगाहर्ट्झचं वायफाय ओळखतात. लॅपटॉप गेस्ट वायफायवर असेल तर त्याला बहुधा प्रिंटर दिसणारच नाही. ऑफिसातल्या शेअर्ड प्रिंटरची गंमत निराळीच. सप्टेंबर 2021 मध्ये विंडोजच्या सुरक्षा अपडेटनंतर जगभरात कित्येक ठिकाणी तो जोडलाच जाईना. तिथे आयटीवाल्याला फोन लावलेला बरा.

संध्याकाळी राउटरच्या सेटिंगमध्ये, ‘डीएचसीपी रिझर्वेशन’मध्ये, प्रिंटरची खोली कायमची बुक केली. दहा मिनिटांचं काम. काकांनी तरीही प्रिंटरवर कागद चिकटवलाय : ‘1.7’. वर लिंबू-मिरची आहेच.