लाकूड बोलते, ऐकणारा हवा

गुढीपाडवा जवळ आला की नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. जत्रांच्या सुपाऱ्या ठरवायला गावोगावचे कारभारी येतात. विठाबाई नारायणगावकरांचे हे गाव. इथल्या जाणत्या ढोलकीवाल्याला ढोलकी निवडताना पाहावे. रंगरंगोटीकडे त्याचे लक्ष नसते. खोडावर बोटाने टकटक करायची, आतून हात फिरवायचा, कुठे तडा वा सांधा आहे का ते पाहायचे आणि मगच भावाची गोष्ट काढायची.

हे शहाणपण आज निराळ्याच वाद्यासाठी उपयोगी पडणार आहे. जुन्नर-आंबेगावातल्या एखाद्या घरात मूल 'युकुलेले' मागते आणि आईवडील गोंधळतात. हे तर आपल्या तुणतुण्याचे मानलेले भावंड! तुणतुण्याला एक तार, याला चार. १८७९ मध्ये पोर्तुगालच्या मदेरा बेटावरचे मजूर जहाजाने हवाई बेटांत पोचले. त्यांतल्या सुतारकाम जाणणाऱ्यांनी आपल्या छोट्या गिटारीवरून तिथल्या कोआ लाकडात हे वाद्य घडवले.

बाजारात 'सॉलिड वूड' हा शब्द फार सैल वापरला जातो. खरे अखंड लाकूड म्हणजे एकाच लाकडाची पातळ फळी. स्वस्त वाद्यात बहुधा प्लायसारखे चिकटवलेले थर असतात. अखंड फळी मोकळी थरथरते, म्हणून नाद भरदार येतो. ओळखायचे कसे? पुढच्या गोल भोकाची कड उजेडात धरा. वरच्या रेषा तशाच कडेवरून आत उतरत असतील तर फळी अखंड. कडेला थर दिसले तर समजून घ्या.

पण लाकडाच्याही आधी सूर. मोकळी तार छेडा, मग तीच बाराव्या पडद्यावर दाबून छेडा. तोच स्वर बरोबर एक सप्तक वर आला पाहिजे. चारही तारांवर हे करा. प्रत्येक पडद्यावर तार दाबून पाहा, कुठे फरफर नको. बाराव्या पडद्याशी तारेखालची जागा सुमारे तीन मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर कोवळी बोटे दुखतील. पडद्यांची टोके हाताला बोचू नयेत. नव्या नायलॉनच्या तारा पहिले काही दिवस ताणून सैल होतातच, त्याचा दोष वाद्याला देऊ नका.

मग वाजवी दरात काय घ्यावे? पूर्ण अखंड लाकडाचे वाद्य महाग पडते. मधला मार्ग असा : पुढची फळी तेवढी अखंड, पाठ आणि बाजू थरांच्या. नादाचे मुख्य काम पुढची फळीच करते. आकारात लहान मुलाला सुमारे २१ इंचांचे 'सोप्रानो' पुरते. मोठ्या बोटांना २३ इंचांचे 'कॉन्सर्ट' सोयीचे. आणि एवढेही परवडत नसेल तर हिरमुसू नका. ढिसाळ बांधणीच्या अखंड लाकडापेक्षा नीट बांधलेले थरांचे वाद्य केव्हाही बरे.

आपल्या हवेचाही विचार हवा. भीमाशंकरकडे पावसाळ्यात भिंती ओलावतात, तर चैत्र-वैशाखात मंचर-नारायणगावची हवा कोरडीठाक होते. अखंड फळी ओलाव्याने फुगते, कोरडेपणाने आकसून तडकते. वाद्य पेटीतच ठेवावे, उन्हात उभ्या गाडीत कधीही नाही. उन्हाळ्यात भोके पाडलेल्या साबणदाणीत पिळून घेतलेला स्पंज घालून पेटीत ठेवला की काम भागते. शिवनेरीच्या सहलीला नेण्यासाठी मात्र थरांचेच चांगले, ते हवेला फारसे जुमानत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? बेसूर वाद्य हाती आले की मूल महिनाभर झगडते, मग ते कपाटावर जाते. घरात निकाल लागतो, "याला कानच नाही." खरे तर कान असतो म्हणूनच त्याला ते खटकत असते! दोष पडद्यांचा आणि शिक्षा मुलाला, असे होऊ नये.

म्हणून दुकानात जाताना पाहुण्यांत कुणी पेटी किंवा ढोलकी वाजवणारे असेल तर त्यांना सोबत न्या. युकुलेले त्यांनी कधी पाहिले नसेल, पण सूर आणि लाकूड त्यांना कळते. वाद्य निवडून झाले की शेवटी ते मुलाच्या हाती द्या. छेडल्यावर त्याचा चेहरा उजळला, तर भाव करायला हरकत नाही.