जोड नसलेले हँडल

सायकलचे हँडल आणि त्याला पुढच्या फोर्कशी जोडणारा आखूड तुकडा, म्हणजेच स्टेम, हे दोन भाग रस्त्यावरील शर्यतींच्या सायकलींत दीर्घकाळ स्वतंत्र होते. आता महागड्या सायकलींत मात्र ते कार्बन फायबरमधून एकसंध घडवले जातात.

या बदलामागचे मुख्य कारण हवेचा अवरोध हे आहे. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतांश शक्ती हवा बाजूला सारण्यात खर्च होते, आणि वारा नसताना ही शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने, म्हणजे वेग दुप्पट झाल्यास ती आठपट लागत असल्याने, हवेला आधी भिडणाऱ्या हँडलचा आकार महत्त्वाचा ठरतो. गोल दांड्यामागे हवेचा प्रवाह विस्कटतो, तर विमानाच्या पंखासारख्या चपट्या दांड्यामागे तो कमी विस्कटतो. शिवाय जोडावरचे बोल्ट नाहीसे होतात, काही ग्रॅम वजन वाचते आणि ब्रेकच्या नळ्या आतून नेता येतात.

परंतु जोड हा केवळ अडथळा नसतो, तर ती बदलाची मुभाही असते. सुट्या स्टेमचे पुढचे बोल्ट सैल करून हँडलचा कोन थोडा फिरवता येतो, किंवा १०० मिलिमीटरऐवजी ९० मिलिमीटरचा स्टेम बसवता येतो. एकसंध रचनेत कोन कायमचा ठरलेला असतो. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने १ जानेवारी २०२६ पासून रस्त्यावरील शर्यतींसाठी हँडलची किमान रुंदी ४०० मिलिमीटर ठरवली, तेव्हा सुटे भाग वापरणाऱ्याला स्टेम तोच ठेवून केवळ दांडा बदलणे शक्य होते, तर एकसंध हँडल अरुंद असल्यास ते संपूर्णच बदलणे भाग होते. पडल्यावर तडा गेला तरी हाच खर्च येतो, आणि नळ्या आतून नेलेल्या असल्यास हायड्रॉलिक ब्रेकची नळी सोडवून, पुन्हा जोडून, तेलात शिरलेली हवा काढण्याचे कामही वाढते.

मुळात हवेचा सर्वाधिक अवरोध हँडलला नव्हे, तर स्वाराच्या शरीराला होतो. म्हणून अंगाला न बसणाऱ्या हँडलमुळे स्वार वाकून राहू शकला नाही, तर दांड्याच्या आकाराने वाचवलेली शक्ती वायाच जाते. सुट्या भागांवर आधी आपले माप निश्चित करावे आणि शर्यत हेच ध्येय असेल तरच एकसंध हँडल घ्यावे; रोजच्या वापरासाठी व दूरच्या प्रवासासाठी वाटेतल्या कोणत्याही दुकानात दुरुस्त होणारा जोडच अधिक हिताचा ठरतो.